माळव्याचा मळा आणि बायकांचे हात

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला आणि विषयही त्यांनीच सुचविला. ज्या मातीत माझा सारा जन्म गेला, त्या माळव्याच्या मळ्याचा इतिहास लिहावा असे त्यांचे म्हणणे. इतिहास म्हटला की आपल्यासमोर किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. आमच्या पुरंदर तालुक्यात तर त्याला तोटाच नाही. याच गडावर १६५७ साली संभाजीराजांचा जन्म झाला आणि १६६५ साली मिर्झाराजा जयसिंगाशी झालेला तह याच गडाच्या नावाने ओळखला जातो. परंतु त्या गडाच्या परिसरात, कऱ्हेच्या काठाने, पिढ्यान्‌पिढ्या जे भाजीपाल्याचे मळे पिकत आले, त्यांचाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास बखरीत नाही. काही सरकारी दप्तरात आहे, काही आपल्या सणवारांत आहे आणि पुष्कळसा म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे. मी त्यातला जमेल तेवढा भाग भगिनींपुढे ठेवणार आहे.

प्रथम ‘माळवे’ या शब्दाविषयी. शहरात आता सर्रास ‘भाजीपाला’ म्हणतात. देशावर मात्र मळ्यात पिकते ते माळवे. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. पावसावरची ती जिराईत, पाण्याखालची ती बागाईत. आणि बागाइतातही घरापासून हाकेच्या अंतरावर, रोज हात फिरेल असा जो तुकडा, तो माळव्याचा. ज्वारी पेरली की माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो. माळवे लावले की जाता येत नाही. मेथी आज काढायची ती आजच काढली पाहिजे, भेंडी एक दिवस उशिरा तोडली की निबर होते आणि काकडी रात्रीतून हाताबाहेर जाते. म्हणूनच माळव्याची शेती नेहमी लहान राहिली आणि ती घरातल्या सगळ्या माणसांच्या हातांवर चालली.

या धंद्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथले संत सावता माळी हे नामदेवांचे समकालीन. त्यांनी १२९५ साली समाधी घेतली. मळ्यातले काम हीच देवाची पूजा, अशी त्यांची शिकवण. म्हणूनच की काय, इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीला पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. सातशे वर्षांपूर्वी एका माळ्याला आपल्या कामाचा एवढा अभिमान वाटला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मळ्यात काय पिकत होते ते पाहू. वांगे, कारले, पडवळ, दोडका, काकडी, दुधी, अळू, माठ, मुळा, वाल ही आपल्याकडची जुनी मंडळी. यांत आज आपण ज्यांच्यावाचून स्वयंपाक करू शकत नाही अशी कितीतरी नावे नाहीत. मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, रताळे, मका आणि भुईमूग ही सर्व अमेरिकेची पिके. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक गोव्यास आले, त्यानंतर त्यांच्या व्यापाराबरोबर यांतली बरीचशी आपल्या किनाऱ्यावर उतरली. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे आणि कोबी हाही त्यांच्याच भाषेतून आलेला. फ्लॉवर तर त्याहून अलीकडचा. तो १८२२ साली इंग्रजांनी सहारनपूरच्या बागेत प्रथम लावला असे सांगतात. मिरची येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा असे तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. मिऱ्यासारखी तिखट म्हणून ती मिरची झाली.

यातली गंमत आपणा बायकांच्या लक्षात लगेच येईल. एकादशीला आपण साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि हिरवी मिरची खातो. ही पाचही मूळची परदेशची. वांगे मात्र अस्सल इथले, आणि चातुर्मासात वर्ज्य ठरते ते बिचारे वांगेच! ही परकी पिके मळ्यात पुरुषांनी लावली असतील, पण त्यांना घरात आणि देवघरात जागा दिली ती बायकांनी. चुलीपाशी बसणारीने एखादी भाजी पसंत केली, उपासाला चालवून घेतली, की ती पुढच्या पिढीला परकी राहत नाही.

मळ्याचे वर्ष इंग्रजी महिन्यांनी चालत नाही. ते नक्षत्रांनी आणि सणांनी चालते. मी १९६२ साली लग्न होऊन या घरी आले, तेव्हा माझ्या सासूबाईंना, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, अक्षरओळख नव्हती. परंतु कोणते बी कोणत्या दिवशी मातीत जायचे हे त्यांना तोंडपाठ होते. अक्षय्य तृतीयेला त्या परड्यात आळी करीत. खड्डा घ्यायचा, त्यात शेणखत आणि चुलीतली राख घालायची आणि भोपळा, दोडका, कारले यांच्या बिया टोचायच्या. रोज घागरभर पाणी घालून ते वेल जगवायचे, म्हणजे पाऊस सुरू होताच ते मांडवावर चढतात. जूनच्या सात तारखेच्या सुमारास मृग निघाला की भेंडी, गवार, चवळी, घेवडा आणि वाटाणा. आमच्या बाजूला पाऊस बेताचा आणि हवा थंड, त्यामुळे पावसाळी वाटाणा इथे चांगला येतो. पुण्याच्या बाजारात श्रावणात पुरंदरच्या वाटाण्याला मान असतो तो त्यामुळेच.

ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते आणि मुक्काम करते. त्या दिवसांत खुरपणी अंगावर आलेली असते, तरी मळ्यातली पहिली गवार आणि घेवडा दिंडीतल्या पंगतीला द्यायचा, हा आमच्या घरचा रिवाज. मग आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागणार, म्हणून त्या दिवशी कांदा-वांग्याचे सगळे प्रकार करून खायचे. श्रावणात पावसाने पालेभाजी सडते, कोथिंबिरीला भाव येतो आणि ती मात्र हाताशी नसते. भाद्रपदात ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा नेम आहे. बायकांनी स्वतःच्या हाताने खणून, टोचून, वाढवून जे पिकविले तेच त्या भाजीत घालावयाचे. अळू, माठ, पडवळ, दोडका यांच्याबरोबर आज त्या भाजीत लाल भोपळा आणि मक्याचे कणीसही पडते. ही दोन्ही परदेशी पिके बायकांनी व्रतात कधीच सामील करून घेतली. नांगर आणि बैल येण्यापूर्वी बायका काठीने माती उकरून परसात भाजी पिकवीत असतील, त्या काळाची आठवण या व्रतात राहिली असावी, असे मला नेहमी वाटते. नेम पाळणारीला हा अर्थ कोणी सांगत नाही, पण तिच्या हाताला तो ठाऊक असतो.

गणपती-गौरी झाल्या की कोबी, फ्लॉवर आणि कांद्याच्या रोपांची धांदल. गादी वाफ्यावर रोप टाकायचे, त्याला उन्हापासून पाल्याची सावली करायची आणि महिना-सव्वा महिन्याने ते सरीत लावायचे. रोपाची लावण हे बायकांचे काम. दिवसभर कमरेत वाकून, उलट पावली मागे सरत, वितीवितीवर रोप दाबीत जायचे. दिवाळीपर्यंत मळा हिरवागार होतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. जेजुरी आम्हांला जवळ. खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखविला की चार-पाच महिने वर्ज्य असलेले वांगे घरात परत येते. त्याच सुमारास मळ्यात वांग्याचा बहर असतो. शास्त्र आणि शेती यांची अशी गाठ कोणी मारली कोण जाणे, पण ती मारणाऱ्याला मळा माहीत होता हे नक्की. पौषात भोगी. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, तीळ घालून केलेली ती भाजी म्हणजे मळ्याच्या वर्षाचा कळस. या दिवसांत सगळेच पिकते आणि म्हणून सगळेच स्वस्त होते. खाणाराला तो सण असतो, पण पिकविणाराचा हात आखडलेला असतो. फाल्गुन-चैत्रात कांदा काढायचा, पात कापायची, चाळीत भरायचा. वैशाखात विहीर तळाला जाते, पुन्हा आळी खणायची, आणि चाक फिरून परत तिथेच येते.

या चाकाला गती देणारे खरे चाक विहिरीवर होते. मी आले तेव्हा आमच्या विहिरीवर मोट होती. ‘दोन मोटांची विहीर’, ‘चार मोटांची विहीर’ अशी त्या काळी विहिरीची आणि पर्यायाने घराची पत सांगितली जाई; आमची एका मोटेची. चामड्याची मोट, जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर, उताराची धाव आणि त्या धावेवरून खाली-वर करणारे बैल. मोट थारोळ्यात रिकामी झाली की पाणी पाटाने वाफ्याकडे निघे. मोट हाकणारा गाणे म्हणे. त्या मोटेच्या गाण्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु पाटाच्या दुसऱ्या टोकाला गुडघाभर चिखलात उभी राहून जी बाई दारे धरीत असे, एक वाफा भिजला की मातीने त्याचे तोंड बुजवून दुसऱ्याचे फोडीत असे, तिच्यावर फारसे कोणी लिहिले नाही. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा तिसऱ्या प्रहरापासून दिवेलागणीपर्यंत ते काम चाले. लहान मूल बांधावर झोळीत असे.

पुढे इंजिने आली. खडकीस किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला आणि पुढल्या वीस वर्षांत आमच्या भागात मोटा एकामागून एक थांबल्या. आमच्याकडे इंजिन आले ते १९६४ साली. मामंजींनी त्याला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला, आणि बैल सुटले. मग विजेच्या मोटारी आल्या आणि अलीकडे ठिबक सिंचन. पाणी काढण्याचे कष्ट यंत्राने नक्कीच वाचविले, आणि त्याचा मला आनंदच आहे. मात्र पाणी वाढले तशी लावण वाढली, लावण वाढली तशी खुरपणी आणि तोडणी वाढली, आणि त्या दोन कामांना काही यंत्र आले नाही. बैलाचे आणि पुरुषाचे काम हलके झाले. बाईचे तेवढेच राहिले, किंबहुना वाढले.

आता बाजाराची गोष्ट. पुण्याची भाजी पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर विकली जाई. १८८६ साली शुक्रवार पेठेत मंडईची दगडी इमारत उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले होते. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. या नावात एक औचित्य आहे. जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. तेथून ते आपल्या पुरंदरातील खानवडीस आले आणि मग पुण्यात जाऊन फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी व शेतकरी अशी करून दिली होती. एवढ्या पैशांची मंडई बांधण्यापेक्षा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे नगरपालिकेतील मत होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या घरच्या हलाखीचे जे वर्णन केले, ते मळ्यात वाढलेल्या माणसालाच करता आले असते.

सासवडपासून मंडई सुमारे वीस मैल. माझ्या सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात माळव्याची बैलगाडी दिवस मावळला की निघे आणि दिवेघाट उतरून रात्रभर चालत पहाटे मंडईत पोचे. गाडी पुरुष नेत. पण गाडी भरण्याआधीचे सगळे बायकांकडे. दुपारपासून खुडणी, पाटाच्या पाण्यात मुळे-गाजरे धुणे, केळीच्या सोपटाने मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणे, पाट्या लावणे, वर ओले फडके घालणे. जुडी बांधताना मूठ कशी भरायची, हे मला आत्याबाईंनी शिकविले. जुडी बाहेरून मोठी आणि आत पोकळ बांधणे त्यांना मुळीच खपत नसे. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा आपली पाटी ओलांडून पुढे जाते, असे त्या म्हणत. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या आठवड्यात गाडी पुण्याला गेलीच नाही आणि भरलेले माळवे जनावरांना घालावे लागले, हे त्या पुढे कितीतरी वर्षे सांगत असत.

एस. टी. गावोगाव फिरू लागल्यावर बायका स्वतः टपावर पाट्या टाकून पुण्याला जाऊ लागल्या. हा बदल लहान नव्हे. जी बाई विकते, तिच्या हातात नाणे येते. मीही दोन वर्षे सासूबाईंबरोबर गेले. आठ आण्यांचा हिशेब तोंडी करणारी, गिऱ्हाइकाशी न लाजता बोलणारी, परत येताना मुलांना खाऊ आणि घराला मीठ-तेल घेऊन येणारी बाई घरात पहिल्यासारखी मुकी राहत नाही. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, ट्रक आले, आडते आले, आणि विक्री पुन्हा पुरुषांच्या हातात गेली. १९६३ च्या बाजार समितीच्या कायद्याने वजनमापात आणि लिलावात पुष्कळ शिस्त आली, त्याआधी पुष्कळ बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे आणि माल कितीला गेला हे शेतकऱ्याला शेवटी कळे, हे मान्य केले पाहिजे. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला समितीच्या बंधनातून मोकळा केला. तेव्हापासून आमच्या सुना-नातींतल्या काहीजणी पुन्हा थेट सोसायट्यांच्या दारात जाऊन भाजी विकतात. जुन्या पाटीवाल्यांचाच तो रस्ता आहे.

आता मला ज्याविषयी विशेष लिहावयाचे आहे त्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे बियाणे. पूर्वी बी विकत आणायचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. वेलावरचा पहिला चांगला भोपळा किंवा दोडका बियाला म्हणून राखायचा आणि ओळखू यावा म्हणून त्याला चिंधी बांधायची. वांगे झाडावरच पिवळे होऊ द्यायचे. दोडके चुलीवरच्या आढ्याला टांगायचे, म्हणजे धुराने कीड लागत नाही. बिया राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून उतरंडीतल्या मडक्यात ठेवायच्या. धणे पेरण्याआधी रगडून दुभंगायचे. हे सारे ज्ञान बायकांचे. घरातल्या कारभाऱ्याला उतरंडीच्या कोणत्या मडक्यात काय आहे, हे सांगता येत नसे. लेक सासरी निघाली की तिच्या पदराला चार बिया बांधल्या जात, आणि अशा रीतीने एका गावचे वांगे दुसऱ्या गावी जाई. मळ्यातले पहिले माळवे शेजारी-पाजारी वानोळा म्हणून धाडायचे. त्याच्या मागोमाग बीही जाई.

१९७२ साली पाऊस गेला. त्याआधीचीही वर्षे बेताचीच होती. कऱ्हा कोरडी, विहिरीच्या तळाला भेगा, जनावरे विकलेली. आम्ही दोघी जावा आणि घरातले पुरुष दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, कामावर मिळणारी सुकडी मुलांना दिली. त्या दिवसांत घरात बियांची मडकी होती. भोपळ्याच्या बिया भाजून खाता येतात, वाल-पावट्याची उसळ होते. एके दिवशी माझ्या धाकट्या दिरांनी मडके खाली घेतले. मुले भुकेली होती, त्यांचेही काही चुकले नव्हते. आत्याबाई उठल्या, त्यांच्या हातातून मडके घेतले आणि म्हणाल्या, “हे खाल्लं तर पोरं दोन दिवस जगतील. पाऊस आला तर मग काय पेरशील?” त्या दिवशी त्यांनी स्वतःची भाकरी मुलांच्या पानात टाकली. पुढल्या वर्षी पाऊस झाला, आणि सगळ्या आळीत बी होते ते आमच्याकडे. सात-आठ घरांनी आमच्या उतरंडीतून बी नेऊन मळे उभे केले. दुष्काळाच्या या कामांतूनच रोजगार हमी योजना वाढीला लागली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि बाई व पुरुष यांना कामाप्रमाणे एकच दर मिळू लागला. त्या योजनेवर ग्रंथ आहेत. आत्याबाईंच्या मडक्यावर एक ओळही नाही, म्हणून ती येथे लिहून ठेवते.

त्यानंतर विकतचे बियाणे आले. ‘पुसा सावनी’ ही भेंडी सगळ्यांनी लावली, कारण ती हळद्या रोगाला लवकर बळी पडत नसे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी त्याच भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ साली आपली बियाणे कंपनी काढली. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले, चार पैसे दिसले, मुले शिकली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित पिकाचे बी धरून पुढल्या वर्षी तसेच पीक येत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. उतरंडी रिकाम्या झाल्या आणि मळ्यातला बाईचा जो एक स्वतंत्र अधिकार होता, तोही गेला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला माझ्या सासूबाईंनाच कोणी मान दिल्यासारखे वाटले.

अधिकाराची गोष्ट निघाली आहे तर जमिनीविषयीही लिहिले पाहिजे. आमच्या सात-बाराच्या उताऱ्यावर मामंजींचे नाव होते. ते गेल्यावर तिघा भावांची लागली. ज्या बायकांनी त्या जमिनीवर चाळीस चाळीस वर्षे खुरपे चालविले, त्यांचे नाव कुठेच नव्हते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले, आणि १९८९-९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, की शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करावा. आमच्या घरच्यांनी ते मनावर घेतले आणि विहिरीलगतचे वीस गुंठे माझ्या नावावर केले. गावात थोडी चेष्टा झाली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

त्या वीस गुंठ्यांची किंमत मला पुढे कळली. रस्ते रुंद झाले, पुणे जवळ आले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. आजूबाजूचे मळे प्लॉट पाडून विकले गेले. आमच्या घरातही तोच विचार झाला. मुलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या मुलांची शिक्षणे होती, दवाखाना होता, आणि माळव्याचा भाव आज दहा रुपये तर उद्या दोन. बाकीची जमीन गेली. कागद माझ्यापुढे आले तेव्हा मी वीस गुंठ्यांवर सही केली नाही. वाद झाला. थोरल्या मुलाने काही महिने बोलणे टाकले. पण उताऱ्यावर नाव माझे होते, त्यामुळे मला “नाही” म्हणता आले. नाव नसते तर माझे म्हणणे आईचा हट्ट ठरून विरून गेले असते. आज त्या तुकड्यात धाकटी सून मेथी, पालक, वांगी आणि वेलभाज्या लावते. मी आता बांधावर बसून जुड्या बांधते, एवढेच होते. थोरला परत बोलू लागला आणि दर रविवारी घरची भाजी घेऊन जातो.

भगिनींनो, या सर्व इतिहासातून मी काही थोर तत्त्व सांगू इच्छित नाही. दोन-तीन व्यवहाराच्या सूचना तेवढ्या करते. पहिली अशी की, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकची भांडी लुटतो; त्याऐवजी एखाद्या वर्षी गावरान भाज्यांच्या बियांच्या पुड्या लुटाव्यात. ज्यांना मळा नाही त्यांनी कुंडीत लावाव्यात. दुसरी, प्रत्येकीने आपल्या घरचा सात-बारा किंवा घराचा उतारा एकदा स्वतः वाचावा आणि आपले नाव त्यावर आहे की नाही ते पाहावे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखाच हक्क दिला आहे. तो हक्क कागदावर पडून राहू नये. तिसरी, आपल्या मंडळात ऐंशी वर्षांपुढच्या ज्या सभासद आहेत, त्यांच्याकडून मळ्याचे, बियांचे, बाजाराचे जे आठवते ते तरुण मुलींनी वहीत उतरवून घ्यावे. कोणत्या नक्षत्राला काय पेरायचे, वांग्याचे बी कसे धरायचे, हे सांगणाऱ्या बायका आता दरवर्षी कमी होत आहेत.

या वर्षी आमच्या मळ्यात लाल भोपळ्याला चिंधी बांधून ठेवली आहे. ज्यांना बी हवे असेल त्यांनी दिवाळीनंतर यावे. सोबत एक कागदी पुडी आणावी आणि त्यावर बियांचे नाव व लावण्याची तीथ लिहून न्यावी.